इंजिन वाचविणारे जादा भाग : कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत?

महाराष्ट्रात मोटार चालविणाऱ्याची परीक्षा एकाच प्रकारची नसते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने रस्त्यांवर पाणी असते. मराठवाडा व विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात उसाच्या वाहनांनी उडविलेली धूळ दिवसचे दिवस खाली बसत नाही. आणि गतिरोधकांची उंची तर गावागणिक वेगळी. या सर्वांचा भार शेवटी इंजिनावर येतो. शहरातील नोकरदाराची मोटार बंद पडली तर त्याची गैरसोय होते. परंतु कर्ज काढून घेतलेल्या मोटारीवर प्रवासी वाहतूक करून जे कुटुंब प्रपंच चालविते, त्याच्या घरी इंजिनचे काम निघाले की बँकेचा हप्ता थकतो आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च अडतो.

ही भीती ओळखूनच बाजारात इंजिनाचे रक्षण करणारे नाना प्रकारचे भाग विक्रीस आलेले आहेत. चेंबरखाली बसवावयाचा लोखंडी पत्रा, हवा घेण्याची उंच नळी, पाण्याची पातळी घटताच वाजणारा भोंगा, लोहचुंबकाचा बोल्ट, ऑइलची वाफ अडविणारा डबा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर अशी ही यादी बरीच लांबविता येईल. यांपैकी काही भाग खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही तर इंजिनास किंवा माणसासच अपाय करणारे आहेत. त्यांची निवड विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता मालकाने स्वतः तीन प्रश्न विचारून करावी, हे हितावह होय. हा भाग नेमकी कोणती हानी टाळतो? ती हानी आपल्या गाडीस, आपल्या रस्त्यावर होण्याचा संभव कितपत आहे? आणि हा भाग बसविल्याने कोणती नवी अडचण उद्भवते?

इंजिन कशाने निकामी होते?

इंजिनाची मोठी हानी बहुधा चार कारणांनी होते. पहिले कारण वंगणाचा अभाव. इंजिन ऑइल कमी झाले, फार जुने झाले किंवा चेंबर फुटून वाहून गेले, म्हणजे फिरणाऱ्या भागांमधील तेलाचा पातळ पडदा नाहीसा होतो आणि धातूवर धातू घासून इंजिन जाम होते. दुसरे कारण अतिउष्णता. रेडिएटरमधील पाणी किंवा कूलंट गळून गेल्यास सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट उडते. तिसरे कारण धूळ. रस्त्यावरील धुळीतील वाळूचे सूक्ष्म कण अतिशय कठीण असतात. ते हवेबरोबर आत गेले की पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती झिजवितात. चौथे कारण इंजिनात थेट शिरणारे पाणी. पहिली तीन कारणे मिनिटांत, दिवसांत किंवा वर्षांत परिणाम दाखवितात. चौथ्याला एक क्षण पुरतो.

पाण्याची ही गोष्ट थोडी समजावून घेण्याजोगी आहे. पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा दाबली जाते. हवा दाबता येते, पाणी जवळजवळ दाबता येत नाही. चार सिलिंडरचे १२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन घेतले, तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्यास ३०० घनसेंटिमीटर येतात. पेट्रोल इंजिनात दाबाचे प्रमाण १० पट धरल्यास पिस्टन पूर्ण वर असताना शिल्लक जागा सुमारे ३३ घनसेंटिमीटर उरते. डिझेल इंजिनात हे प्रमाण १६ पट धरले, तर जागा केवळ २० घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचे चार चमचे. याहून अधिक पाणी आत असताना पिस्टन वर ढकलला गेला की कॉनरॉड वाकतो आणि प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे किती घातक आहे, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

चेंबरखालचा पत्रा

इंजिनाच्या तळाशी असलेला ऑइलचा चेंबर हा खडबडीत रस्त्यावर सर्वप्रथम मार खाणारा भाग होय. पातळ पत्र्याचा चेंबर दगडाने चेपतो, ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर तडकतो. वाड्या-वस्त्यांच्या कच्च्या रस्त्यांवर, खडी पसरलेल्या कामाच्या ठिकाणी किंवा उंच गतिरोधकांच्या मार्गावर ज्यांना रोज जावे लागते, त्यांच्या दृष्टीने चेंबरखाली बसविलेला मजबूत पत्रा हा खर्चाच्या मानाने चांगला लाभ देणारा भाग आहे. ज्या मोटारीचा सारा प्रवास महामार्गावर आणि शहरात होतो, तिला त्याची विशेष गरज नाही.

मात्र पत्रा म्हणजे केवळ आडोसा नव्हे. अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचा ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे १२ किलो भरतो. हे वजन गाडीच्या पुढील भागावर पडते आणि तेवढ्या प्रमाणात जमिनीपासूनची उंचीही घटते. तेवढ्याच आकाराचा व जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ४ किलोंच्या आसपास असतो. परंतु तेवढा मार सोसण्यासाठी तो अधिक जाड घ्यावा लागतो. पत्र्यास हवा जाण्यासाठी फटी नसतील, तर इंजिनाखालून निघणारी उष्ण हवा कोंडते. पावसाळ्यात पत्र्यावर चिखल साचून राहतो आणि गंज लागतो. ऑइल बदलण्यासाठी छिद्र ठेवलेले नसेल, तर प्रत्येक वेळी पत्रा उतरवावा लागतो, आणि मग ऑइल बदलण्याचीच टाळाटाळ होते. चेंबरमधून होणारी बारीक गळतीही पत्र्यामुळे जमिनीवर दिसत नाही. म्हणून पत्रा घ्यावयाचाच, तर त्या विशिष्ट गाडीसाठी तयार केलेला, चॅसीच्या मूळ छिद्रांत बोल्टने बसणारा, फटी व छिद्रे असलेला घ्यावा. वेल्डिंग करून पत्रा ठोकून घेणे टाळावे.

हवा घेण्याची उंच नळी

ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या जीपसारख्या वाहनांना छतापर्यंत नेलेली हवेची नळी बसविलेली आढळते. तिला स्नॉर्कल म्हणतात. इंजिन हवा घेते ते तोंड पाण्याच्या वर नेणे हा तिचा उद्देश असून, मूळ कल्पना योग्य आहे. परंतु नळीपासून फिल्टरच्या पेटीपर्यंतचा प्रत्येक सांधा पाणीबंद असेल तरच तिचा उपयोग होतो. एका सैल क्लिपमधूनही चार चमचे पाणी आत जाऊ शकते. शिवाय ही नळी गिअरबॉक्सचे, आल्टरनेटरचे, विजेच्या जोडण्यांचे किंवा गाडीतील संगणकीय यंत्रणेचे रक्षण करीत नाही.

याहून गंभीर धोका वेगळा आहे. साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद मोटारीचा तळ सुमारे सव्वापाच चौरस मीटर असतो. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढले की, ते गाडीच्या आत शिरेपर्यंत, गाडीला सुमारे सव्वापाचशे किलो उचल देते. ९०० किलो वजनाची मोटार तळाच्या वर १७ सेंटिमीटर पाण्यात तरंगू लागण्याच्या बेतात येते. फरशी पुलावर पाणी वाहते असेल, तर चाके त्याआधीच जमिनीवरील पकड सोडतात. अशा वेळी इंजिन चालू राहिले काय किंवा बंद पडले काय, गाडी प्रवाहाच्या स्वाधीन होते. उंच नळीने इंजिनाला मिळालेले संरक्षण चालकाच्या मनात खोटा विश्वास निर्माण करणार असेल, तर ते संरक्षण न मिळालेलेच बरे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी असंख्य मोटारी रस्त्यांवर अडकल्या, आणि बंद गाडीत अडकून काहींना प्राणही गमवावे लागले. पाणी चढत असेल तर गाडी सोडून उंच जागी जाणे, हाच त्या दिवसाचा धडा आहे. साध्या मोटारीस अशी नळी बसवून घेण्यापेक्षा पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या काठावर थांबणे हा अधिक खात्रीचा आणि बिनखर्चाचा उपाय होय.

इशारा देणारी साधने

जादा भागांमध्ये सर्वांत कमी खर्चात अधिक उपयोग करून देणारा वर्ग म्हणजे इशारा देणारी साधने. त्यांतही कूलंटची पातळी घटताच वाजणारा भोंगा प्रथम क्रमांकाचा मानावा लागेल. त्याचे कारण असे की, डॅशबोर्डवरील उष्णतेचा काटा ज्या संवेदकावर चालतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. होज फुटून पाणी झपाट्याने गळून गेले, तर संवेदकाभोवती केवळ वाफ किंवा हवा उरते. तेव्हा इंजिन भाजत असतानाही काटा खालीच राहू शकतो. पातळी दाखविणारा भोंगा पाणी कमी होताच वाजतो, म्हणजे उष्णता वाढण्याआधीच चालकास सावध करतो. काही मोटारींत अशी व्यवस्था मुळातच असते. ती आहे किंवा नाही हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

ऑइलच्या लाल दिव्याबाबतही मोठा गैरसमज आढळतो. हा दिवा सामान्यतः ऑइलचे प्रमाण दाखवीत नाही, दाब दाखवितो; आणि दाब फारच खाली गेल्यानंतर लागतो. तो लागल्यावर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असे म्हणण्यास सवड नसते. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावयाचे असते. ज्यांचा व्यवसायच प्रवासी वाहतुकीचा आहे, त्यांना ऑइलचा दाब अंकांत दाखविणारा काटा उपयुक्त ठरतो. दाब हळूहळू उतरत असल्याचे त्यावरून आधीच कळते. मात्र हा काटा बसविताना ऑइलच्या मार्गात जादा सांधा काढावा लागतो, आणि तो कच्चा राहिला तर गळती तेथूनच सुरू होते. काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे.

दाब घटताच इंजिन आपोआप बंद करणारी उपकरणे मात्र मोटारीत बसवू नयेत. शेतातील पंपाच्या इंजिनास अशी व्यवस्था शोभते. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात, मागे अवजड वाहने असताना इंजिन अचानक बंद पडले, तर ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य नाहीसे होते आणि इंजिन वाचविताना माणसे धोक्यात येतात. इशारा यंत्राने द्यावा, निर्णय चालकाने घ्यावा.

फिल्टर, चुंबक आणि डबे

धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी हवा फिल्टर 'कायमचे' म्हणून विकले जातात. त्यांतून हवा अधिक सहज जाते हे खरे. परंतु अनेकदा बारीक धूळही अधिक जाते. त्यांना लावलेले तेल जास्त झाले, तर ते हवेचे प्रमाण मोजणाऱ्या संवेदकावर बसून त्यास बिघडविते. धुळीच्या प्रदेशात मूळ पद्धतीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे हेच श्रेयस्कर. त्या भागात पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा तो लवकर बदलावा लागतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

चेंबरच्या तळाशी बसविण्याचा चुंबकाचा बोल्ट स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. तो ऑइलमधील लोखंडी कीस धरून ठेवतो. ऑइल बदलताना त्यावर चकचकीत तुकडे दिसले, तर आत काही झिजत असल्याचे कळते. त्याचा उपयोग निदानाचा आहे, उपचाराचा नव्हे; कारण बेअरिंगमधील तांबे किंवा ॲल्युमिनियम चुंबकास चिकटत नाही.

इंजिनाच्या पोटातील वाफेबरोबर येणारे ऑइल अडविणारा डबा हा अलीकडे तरुण मालकांच्या पसंतीस उतरलेला भाग आहे. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्यांच्या झडपा इंधनाने धुतल्या जात नाहीत व त्यांवर काजळी साचते. तेथे अशा डब्याचा काहीसा उपयोग होतो. इतर पेट्रोल इंजिनांत त्याचे प्रयोजन थोडे. डबा वेळोवेळी रिकामा केला नाही आणि नळी तुंबली, तर आतील दाब वाढून सील गळू लागतात. डब्यातील वाफ बाहेर सोडून देणे तर प्रदूषणविषयक नियमांच्या विरुद्ध आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही मानके लागू झालेली आहेत, आणि त्यानुसार तयार झालेल्या गाड्यांत अशी ढवळाढवळ विशेष जोखमीची ठरते.

डिझेल मोटारीच्या मालकांनी मात्र इंधनातील पाण्याकडे लक्ष द्यावे. आधुनिक डिझेल यंत्रणेत इंधनाचा दाब हजार वायुमंडलांहून अधिक असतो आणि पंप व इंजेक्टर यांना वंगण डिझेलचेच मिळते. त्यात पाणी मिसळले की हे महागडे भाग खराब होतात. मूळ फिल्टरमध्ये साचलेले पाणी पावसाळ्यात नियमितपणे काढणे ही पहिली पायरी आहे. दुसरा फिल्टर जोडावयाचा झाल्यास तो निर्मात्याच्या संमतीनेच जोडावा, अन्यथा इंधनाचा प्रवाह अडखळतो. डब्यात मिळणारी 'इंजिन तरुण करणारी' मिश्रणेही टाळलेली बरी. चांगल्या ऑइलमध्ये आवश्यक रसायने आधीच मिसळलेली असतात.

समोरचे गज आणि कायदा

रेडिएटर वाचावा म्हणून बंपरपुढे लोखंडी गज लावण्याची प्रथा बरीच रुजली होती. हे गज चॅसीस बांधलेले असल्याने धडकेचा आघात शोषला न जाता थेट सांगाड्यावर येतो, एअरबॅगच्या संवेदकांच्या कामात व्यत्यय येऊ शकतो आणि पादचाऱ्यास होणारी इजा अधिक गंभीर होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गज मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन करणारे असल्याचे राज्यांना कळविले. निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने घातलेल्या कलम १८२-ए नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाबद्दल मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणताही मोठा भाग बसविण्यापूर्वी गाडीच्या निर्मात्याच्या अधिकृत केंद्रात व प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे म्हणूनच आवश्यक आहे. बिघाडाचा संबंध अशा भागाशी जोडला गेल्यास निर्मात्याची हमी नाकारली जाण्याचाही संभव असतो.

विम्याचे संरक्षण

इंजिनाचे रक्षण करणारी एक वस्तू गाडीस बसवावी लागत नाही. ती कागदावर मिळते. सर्वसमावेशक मोटार विम्यात पुराने झालेल्या हानीचा समावेश असतो. परंतु यांत्रिक बिघाड आणि मूळ घटनेतून पुढे उद्भवलेली हानी वगळलेली असते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारल्याने कॉनरॉड वाकला, तर ती हानी या दुसऱ्या सदरात धरली जाते आणि दावा नामंजूर होतो. यासाठी विमा कंपन्या इंजिन संरक्षणाची जोडयोजना जादा हप्ता घेऊन देतात. सखल भागात राहणाऱ्यांनी तिच्या अटी वाचून तिचा विचार अवश्य करावा. गाडीस बसविलेल्या जादा भागांची नोंदही पॉलिसीत करून घ्यावी.

खर्चाचा क्रम

या सर्व विवेचनावरून खर्चाचा क्रम ठरविता येईल. पहिला मान नियमित देखभालीचा. आठवड्यातून एकदा सपाट जागी, थंड इंजिनात, ऑइलची पट्टी ओढून पातळी पाहणे. कूलंटची टाकी पाहणे. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये न घालणे. ऑइलचे व हवेचे फिल्टर पक्की पावती घेऊन विश्वासू दुकानातून खरेदी करणे, या गोष्टींना कोणताही जादा भाग पर्याय ठरू शकत नाही. रेडिएटरचे झाकणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते. झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळेच ते इंजिनात ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा काही गॅरेजांतील सल्लाही मानू नये. त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि इंजिन योग्य उष्णतेस न पोहोचल्याने झीज मात्र वाढते.

दुसरा क्रम इशारा देणाऱ्या साधनांचा, तिसरा सखल भागातील मालकांसाठी विम्याच्या जोडयोजनेचा आणि चौथा, रस्ता तसा असेल तरच, चेंबरखालच्या पत्र्याचा. उरलेल्या बहुतेक वस्तूंवर खर्च करण्यापेक्षा ती रक्कम वेळेवर ऑइल बदलण्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आणि फरशी पुलावर पाणी असताना घटकाभर थांबण्याचा निर्णय तर सर्व भागांहून मोलाचा आहे, कारण त्याने इंजिनाबरोबर गाडीतील माणसेही सुखरूप घरी पोहोचतात.